रिकाम्या टाकीचा इतिहास

‘घासलेट’ हा शब्द मराठीत ‘गॅसलाइट’वरून आला असे मानले जाते, ‘रॉकेल’ हा ‘रॉक ऑइल’चा अपभ्रंश. दोन्ही शब्द आता इतके घरचे झाले आहेत की त्यांच्या अंगावरची परदेशी खूण सहसा ध्यानात येत नाही. शेजारच्या हिंदीत तर १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात बनारसीदास चतुर्वेदी यांनी पांडेय बेचन शर्मा ‘उग्र’ यांच्या कथांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा हलक्या साहित्यासाठी ‘घासलेटी’ हेच विशेषण रूढ झाले. कंदील, चिमणी, स्टोव्ह आणि रॉकेलचा रिकामा डबा या आपल्या गद्यातील परिचित वस्तू आहेत. हे तेल ज्या जहाजांतून आले ती जहाजे मात्र आपल्या साहित्यात सहसा भेटत नाहीत.

हा दोष एकट्या मराठीचा नव्हे. अमिताव घोष यांनी १९९२ मध्ये अब्दुल रहमान मुनीफ यांच्या कादंबऱ्यांवर लिहिताना हाच प्रश्न उपस्थित केला होता: मसाल्याच्या व्यापाराने जगाला एवढे साहित्य दिले, मग तेलाच्या व्यापाराने का दिले नाही? घोष यांचा रोख तेल निघते त्या भूमीकडे आणि ते जाळणाऱ्या समाजाकडे होता. या दोहोंच्या मधला जो समुद्र, त्याविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. समुद्रकथेला भरलेले जहाज आवडते. कॉनरॅडच्या ‘यूथ’ (१८९८) या कथेतील ‘जूडिया’ हे जहाज बँकॉकला कोळसा घेऊन निघते, तो कोळसा पोटातल्या पोटात पेटतो आणि जहाज जळून बुडते. ओझे आणि संकट तेथे एकच आहेत. तेलवाहू जहाजाच्या बाबतीत हे समीकरण उलटे होते. तेलाने काठोकाठ भरलेली टाकी सहसा स्फोट पावत नाही. तेल उतरवून रिकामी झालेली टाकी पावते. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की टँकरचा खरा इतिहास त्याच्या परतीच्या, रिकाम्या प्रवासात घडलेला आहे. तो नोंदला गेला आहे तो मात्र भरल्या जहाजाच्या अपघातांवरून.

आरंभी टाकी नव्हती, पिंप होते. १८६१ मध्ये ‘एलिझाबेथ वॉट्स’ या शिडाच्या जहाजाने फिलाडेल्फियाहून लंडनला तेलाची पिंपे नेली, आणि अटलांटिक ओलांडून गेलेला हा पहिला मोठा तेलसाठा समजला जातो. पिंप गळे, जागा अडवी, आणि रिकामे झाल्यावरही त्याला परत आणण्याचे भाडे पडे. तेलाचा व्यापार आजही ‘बॅरल’मध्ये मोजला जातो; सुमारे १५९ लिटरांचे ते माप म्हणजे जहाजांवरून नाहीशा झालेल्या लाकडी पिंपाची आठवण होय. आशियाच्या वाट्याला येणारे रॉकेल पत्र्याच्या डब्यांतून येई. पाच गॅलनांचे दोन डबे एका लाकडी खोक्यात, अशी त्याची बांधणी असे.

तेल सुटे, म्हणजे जहाजाच्या पोटातच ओतून नेण्याची कल्पना यातून पुढे आली. कॅस्पियन समुद्रावर लुडविग नोबेल यांनी १८७८ मध्ये ‘झोरोआस्टर’ चालविले. १८८६ मध्ये न्यूकॅसल येथे बांधलेल्या ‘ग्ल्यूकआउफ’ या जहाजात जहाजाची बाहेरची पोलादी कातडी हीच टाकीची भिंत झाली. आजच्या टँकरचे हे पूर्वरूप. जर्मन खाणकामगार खाणीत उतरताना एकमेकांना ज्या शब्दाने शुभेच्छा देत, तोच शब्द या जहाजाला नाव म्हणून दिला होता. १८९३ मध्ये ते न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडच्या वाळूत रुतून निकामी झाले.

आमच्या विषयाच्या दृष्टीने यांहूनही महत्त्वाचे जहाज म्हणजे ‘म्युरेक्स’. मार्कस सॅम्युअल यांनी बांधविलेले हे जहाज बाटुमचे रॉकेल घेऊन ऑगस्ट १८९२ मध्ये सुवेझ कालव्यातून पार झाले आणि सिंगापूर व बँकॉक येथे रिकामे झाले. कॉनरॅडची ‘जूडिया’ जेथे कधीच पोहोचली नाही, तेच हे बँकॉक. कालव्याच्या अरुंद पात्रात एवढे ज्वालाग्राही द्रव्य सुटे नेण्याला मोठा विरोध झाला होता, आणि उष्णतेने तेल फुगते तेव्हा त्याला जागा कशी द्यायची याचा विचार जहाजाच्या आराखड्यात करावा लागला होता. सॅम्युअल यांच्या हिशोबाचा दुसरा अर्धा भाग मात्र परतीच्या प्रवासाचा होता. रिकाम्या टाक्या वाफेने धुऊन त्यांतून पूर्वेकडचा माल, खाद्यपदार्थसुद्धा, युरोपला न्यायचा, अशी ही योजना होती. म्हणजे सुटे तेल परवडले ते टाकी धुता येते या भरवशावर. धुणे हे नंतर जोडलेले काम नव्हते. या धंद्याच्या पायातच ते होते. (डब्याचा मोह मात्र पूर्वेकडच्या गिऱ्हाइकाने सोडला नाही. त्याला तेलाइतकाच पत्राही हवा होता, म्हणून सॅम्युअल यांना बंदरोबंदरी डबे बनविण्याची व्यवस्था करावी लागली.)

पुढे टँकर केवळ तेलासाठीच राहिला आणि परतीचा माल सुटला. धुणे मात्र सुटले नाही. याचे कारण समजून घेण्यासाठी जहाजाच्या पोटात थोडे डोकावले पाहिजे. तेल उतरविल्यावर टाकीच्या भिंतींना, फासळ्यांना आणि तळाला काही तेल चिकटून राहते. कच्च्या तेलाच्या बाबतीत हे प्रमाण ढोबळमानाने हजार टनांमागे तीन-चार टन धरले जाई, म्हणजे दोन लाख टनांच्या जहाजात सहा ते आठशे टन. रिकामे जहाज पाण्यावर फार वर येते. त्याचा पंखा आणि सुकाणू नीट पाण्यात राहत नाहीत. म्हणून काही टाक्यांत समुद्राचे पाणी भरून जहाज जड करावे लागते. मराठीत या भरतीला ‘नीरम’ असा जुना शब्द आहे. बंदरावर ‘बॅलास्ट’च म्हणतात. तेल होते त्याच टाकीत हे पाणी भरले की ते तेलकट होते, आणि तेल भरण्याच्या बंदरात ते बाहेर टाकता येत नाही. म्हणून वाटेतच एकेक टाकी धुवायची, तिच्यात स्वच्छ पाणी घ्यायचे आणि घाण पाणी समुद्रात सोडायचे, असा क्रम रूढ झाला. टाकीच्या तोंडातून रबरी नळीला टांगून सोडलेली, फिरत्या नळ्यांनी गरम पाण्याचे झोत मारणारी यंत्रे ‘बटरवर्थ’ या नावाने ओळखली जात. त्यावरून या कामालाच खलाशी ‘बटरवर्थिंग’ म्हणू लागले. झोतांनी न सुटलेला गाळ माणसांनी खाली उतरून फावड्याने ओढायचा आणि बादल्यांनी वर खेचायचा.

अशा रीतीने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत समुद्र ही टँकरची मोरी झाली होती. १९५४ मध्ये लंडन येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने समुद्र तेलकट करण्यावर पहिले बंधन घातले, पण ते मुख्यतः अंतराचे होते: किनाऱ्यापासून साधारण पन्नास मैलांच्या आत नको. घाण करू नये यापेक्षा घाण दिसू नये अशी ही भाषा आहे. १९६०च्या दशकाच्या आरंभी तेलकंपन्यांनी अधिक शहाणी रीत काढली. सर्व टाक्यांचे धुवण एका ‘स्लॉप’ टाकीत जमवायचे, काही दिवस स्थिर ठेवायचे, तेल वर आले की खालचे पाणी हळूच सोडून द्यायचे, आणि उरलेल्या तेलावरच नवे तेल भरायचे. दुधावरची साय काढणाऱ्या कोणत्याही गृहिणीला ही रीत समजावून सांगावी लागली नसती. तिच्यात अडचण एकच होती: पाणी कोठे संपते आणि तेल कोठे सुरू होते हे रात्रीच्या वेळी, डुलत्या जहाजावर, पंपापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेवर अवलंबून होते.

टँकरच्या इतिहासात १९६७ हे वर्ष नेहमी ठळक अक्षरांत येते. त्या वर्षीच्या १८ मार्चला ‘टॉरी कॅन्यन’ हे जहाज कॉर्नवॉलजवळच्या सेव्हन स्टोन्स खडकांवर चढले. सुमारे एक लाख वीस हजार टन कच्चे तेल त्यात होते, आणि अखेरीस ब्रिटिश विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. या दृश्याने जगाला तेलाच्या तवंगाची प्रतिमा दिली. त्याच्या थोरवीबद्दल आमची तक्रार नाही. परंतु त्या काळात धुवणाच्या पाण्यावाटे दरवर्षी जे तेल समुद्रात जात होते ते अपघातांतून सांडणाऱ्या तेलाच्या कित्येक पट होते. ते रोज थोडे थोडे, नियमाने, कोणत्याही छायाचित्रकाराच्या नजरेआड जाई. इतिहासलेखन घटनेला बांधलेले असते, सवयीला नाही, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांला आठवत नाही.

रिकाम्या टाकीने आपले अस्तित्व जगाच्या ध्यानात आणून दिले ते दोन वर्षांनी. १९६७ च्या जूनमध्ये सुवेझ कालवा बंद झाला, तो १९७५ पर्यंत. तेल आफ्रिकेला वळसा घालून येऊ लागले आणि जहाजे झपाट्याने वाढली. १९५९ मध्ये एक लाख टनांचा, १९६६ मध्ये दोन लाख टनांचा टप्पा ओलांडला गेला. डिसेंबर १९६९ मध्ये, महिना संपण्याच्या आत, अशा तीन नव्या, दोन लाख टनांवरच्या जहाजांत स्फोट झाले. ‘मार्पेसा’ पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत बुडाले. ते आपल्या पहिल्याच फेरीवरून परतत होते. ‘मॅक्ट्रा’ला मोझांबिकच्या सामुद्रधुनीत आणि ‘कॉन्ग हाकोन सातवा’ला पश्चिम आफ्रिकेजवळ स्फोटाने फाडले, ती दोन्ही तरंगत राहिली. तिघांतील साम्य वयाचे किंवा बांधणीचे तेवढे नव्हते. तिन्ही जहाजे रिकामी होती आणि तिन्हींवर त्या वेळी टाक्या धुण्याचे काम चालू होते.

ठिणगी कोठून आली? कोणी विडी ओढत नव्हते, लोखंड कापत नव्हते. कंपन्यांच्या व संशोधन संस्थांच्या प्रयोगांतून जे स्पष्टीकरण पुढे आले ते असे. पाण्याचे जोरकस झोत भिंतींवर आदळून टाकीत बारीक तुषारांचे धुके तयार होते आणि त्या धुक्यावर विद्युतभार असतो. लहान टाकीत हे फारसे बिघडवीत नव्हते. चर्चच्या गाभाऱ्याएवढ्या नव्या टाक्यांत मात्र पाण्याचा एखादा मोठा गोळा त्या भारित धुक्यातून खाली येताना पोलादी फासळीजवळून जाई आणि ठिणगी पडे. म्हणजे धुण्याचे पाणीच आग लावीत होते. जुन्या जहाजावर निरुपद्रवी असलेली सवय केवळ आकार वाढल्याने प्राणघातक झाली होती.

यावरचा उपाय रसायनशास्त्राने आधीच सांगून ठेवला होता. तेलाच्या वाफेला पेटण्यासाठी हवेत तिचे प्रमाण साधारण एक ते दहा टक्क्यांच्या दरम्यान असावे लागते. भरल्या टाकीत वाफेला जागाच नसते. अर्धवट रिकाम्या टाकीत नेमके हे प्रमाण जुळते. शिवाय प्राणवायू अकरा टक्क्यांच्या खाली गेला तर काहीच पेटत नाही. तेव्हा बॉयलरच्या धुराड्यातून निघणारा, प्राणवायू जवळजवळ संपलेला वायू धुऊन, थंड करून टाक्यांत भरायचा आणि तेथला प्राणवायू आठ टक्क्यांखाली ठेवायचा. १९७८ च्या आंतरराष्ट्रीय प्रोटोकॉलने मोठ्या टँकरांवर ही व्यवस्था आवश्यक केली. तिच्याच जोडीला दुसरी रीत आली: टाकी पाण्याने न धुता, बंदरात तेल उतरत असतानाच त्याच तेलाच्या झोतांनी धुवायची. तेलानेच तेल सुटते. घाण पाणी तयारच होत नाही, आणि चिकटलेले सहा-आठशे टन गिऱ्हाइकाला पोहोचतात. धर्म आणि अर्थ एका बाजूला आले म्हणजे सुधारणा किती वेगाने होते, ते येथे दिसते.

परंतु रिकाम्या टाकीने आपली किंमत वसूल करायचे सोडले नाही. जो वायू जहाजाला स्फोटापासून वाचवितो त्यात माणूस जगू शकत नाही. त्याचा अभाव दिसत नाही, घुसमटण्याची जाणीवही अनेकदा होत नाही. माणूस शिडीवरून चार पावले उतरतो आणि कोसळतो. त्याला पाहून दुसरा धावतो, त्याच्यामागे तिसरा. म्हणून टाकीत उतरण्यापूर्वी ताजी हवा खेळवायची, प्राणवायू सुमारे एकवीस टक्के झाला आहे हे वेगवेगळ्या खोलींवर मोजायचे, तोंडाशी एक माणूस उभा ठेवायचा आणि लेखी परवाना घ्यायचा, हा शिरस्ता पडला. परवान्यावर सही असूनही माणसे मेली आहेत, आणि त्यांत सोबत्याला वाचवायला उतरलेल्यांची संख्या मोठी आहे. सुरक्षिततेच्या नियमांना सर्वांत अवघड जाते ते माणसाची माया आवरणे.

दुसरी किंमत गंजाची. बॅलास्टसाठी स्वतंत्र टाक्या असाव्यात, त्यांत तेल कधीच जाऊ नये, हा मार्पोल कराराचा मोठा लाभ. पण तेलाच्या टाकीच्या भिंतींना तेलाचा लेप असतो. बॅलास्टच्या टाकीत कधी खारे पाणी, कधी दमट हवा. पोलाद कुरतडायला याहून चांगली जागा नाही. ८ जानेवारी १९७९ रोजी आयर्लंडमधील बँट्री उपसागरात, व्हिडी बेटाच्या धक्क्याला ‘बेटेलग्यूज’ हे फ्रेंच जहाज तेल उतरवीत असताना मोडले आणि पेटले. पन्नास माणसे गेली. देखभालीअभावी कमजोर झालेला सांगाडा आणि बॅलास्टची चुकीची वाटणी अशी दुहेरी कारणे चौकशीत पुढे आली. १९९९ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनीजवळ ‘एरिका’चे आणि २००२ च्या नोव्हेंबरमध्ये गॅलिसियाजवळ ‘प्रेस्टिज’चे दोन तुकडे झाले. दोन्ही जहाजे पंचविशीच्या आसपासची होती. वादळाचे नाव पुढे झाले, परंतु पत्रा किती मिलिमीटर उरला होता हा प्रश्न वादळाच्या आधीचा आहे. १९८९ च्या ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ अपघातानंतर दुहेरी कवचाची सक्ती झाली. दोन कवचांमधली सुमारे दोन मीटरांची पोकळी बॅलास्टला मिळाली. तिच्यात वाकून, हातात विजेरी आणि हातोडी घेऊन गंज ठोकीत जाणारा माणूसही तिच्याबरोबरच आला.

हा माणूस कोण? ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर डेकवरचे खलाशी अनेकदा रत्नागिरीच्या किनाऱ्याचे आणि खानपानाचे कर्मचारी गोव्याचे असत. सारंग, तांडेल, कसाब, भंडारी, टोपास हे त्यांच्या हुद्द्यांचे शब्द आपल्याच बंदरांतले. १९५०च्या दशकात मुंबईत ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण कारखाने निघाले, बुचर बेटावर, म्हणजे आजच्या जवाहर द्वीपावर, टँकरचे धक्के झाले, आणि घारापुरीला जाणाऱ्या होडीतून ही जहाजे दिसू लागली. लेण्यांवर लिहिताना वाटेतल्या त्या जहाजांकडे कोणी पाहिले असेल, तरी लिहिले क्वचितच.

तरीही टँकरला स्वतःचे वाङ्मय नाही असे म्हणणे सर्वस्वी खरे नाही. नोएल मॉस्टर्ट यांचे ‘सुपरशिप’ (१९७४) हे ‘आर्डशील’ या टँकरवरील प्रवासाचे पुस्तक आहे. आणि प्रत्येक जहाजावर एक वही आहे: ‘ऑइल रेकॉर्ड बुक’. कोणती टाकी केव्हा रिकामी केली, केव्हा धुतली, धुवण कोठे ठेवले, कोणत्या अक्षांश-रेखांशावर किती सोडले, हे ठरावीक सांकेतिक अक्षरांखाली लिहायचे. प्रत्येक नोंदीखाली अधिकाऱ्याची आणि प्रत्येक पानाखाली कॅप्टनची सही. १९५४ च्या करारापासून ही वही चालत आली आहे. तिच्यात टाकी धुतली जाते. धुणारा कोणी नसतो. आपण वर्गात कर्मणी प्रयोग शिकवितो तेव्हा वाक्यातून कर्ता नाहीसा होण्याचे परिणाम सहसा व्याकरणापुरतेच सांगतो. या वहीत मात्र त्या लोपाला खोली आहे: पंचवीस-तीस मीटर, उभ्या शिडीने मोजलेली. खोट्या नोंदींसाठी जहाजांवरील अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या आहेत, तेव्हा हे वाङ्मय निरुपद्रवीही नाही.

जगातील सर्वांत लांब जहाज हा टँकरच होता. ‘सीवाइज जायंट’ या नावाने प्रसिद्ध असलेले, जपानमध्ये बांधलेले हे ४५८ मीटर लांबीचे जहाज १९८८ मध्ये इराण-इराक युद्धात लारक बेटाजवळ हवाई हल्ल्यात सापडले, दुरुस्त होऊन पुन्हा चालले, आणि चार-पाच नावे बदलून २००९ च्या अखेरीस गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला आले. त्याचा सुमारे छत्तीस टनांचा नांगर हाँगकाँगच्या सागरी संग्रहालयाने जतन केला. नांगर हे काव्याला चालणारे प्रतीक आहे, जतन होण्याजोगे आहे. टाक्यांचे पत्रे गॅसच्या ज्योतीने कापले गेले. पण ती ज्योत लावण्यापूर्वी टाकीत ज्वालाग्राही वायू उरलेला नाही असा दाखला लागतो, आणि तो मिळण्यापूर्वी टाकी धुऊन गाळ काढावा लागतो. म्हणजे जहाजाच्या पहिल्या फेरीनंतर जे काम झाले, तेच शेवटच्या फेरीनंतरही. इतिहासाचा विद्यार्थी त्या नांगरासमोर उभा राहील तेव्हा त्याने या कामाचीही चौकशी करावी, इतकीच आमची अपेक्षा आहे.